दिवटी दिसते, बुधली दिसत नाही

पडद्यावरची मशाल खऱ्या मशालीपेक्षा कितीतरी जास्त वेळ जळते, लांबवर उजेड पाडते आणि धूर जवळजवळ करतच नाही. असं का, याची चर्चा पुढच्या संवादात आहे. ठाण्यातल्या नाट्यगृहांत प्रकाशयोजना करणारा मामा आणि डोंबिवलीत राहणारी, गेम खेळणारी त्याची भाची हे यातले दोघे.

भाची : माइनक्राफ्टमध्ये काठी आणि कोळसा एकत्र केला की मशाल तयार. ती कायमची जळते, पावसातही विझत नाही. खरी मशाल किती वेळ चालते रे मामा?

मामा : मशालीत जळतं ते तेल. घट्ट गुंडाळलेल्या चिंध्या फक्त वातीचं काम करतात. त्यांतलं तेल तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. तेल आहे तोवर चिंध्या बऱ्यापैकी शाबूत राहतात. ते संपलं की चिंध्याच जळायला लागतात आणि थोड्याच वेळात काठीला नुसती राख उरते.

भाची : मग आधीच चांगली भिजवून घेतली तर रात्रभर चालेल की!

मामा : हिशेब करून बघू. सिनेमात असते तशी अर्धा मीटर उंच ज्योत धर. ती साधारण दहा किलोवॅट उष्णता देते, म्हणजे दोन किलोवॅटचे पाच गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. एक लिटर रॉकेलमधून ३५ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा मिळते. भागाकार केला तर लिटरभर रॉकेल तासाभरात खलास. चिंध्यांच्या बोळ्यात पाव लिटर मावलं तरी खूप झालं, म्हणजे पंधरा मिनिटं. ठाण्याहून कल्याणपर्यंत वीसेक किलोमीटर चालत जायला पाच तास लागतात. तेवढ्या वाटेला पाच लिटर हवं.

भाची : पूर्वीचे लोक रात्रीचे प्रवास करायचेच ना?

मामा : करायचे, पण तेल सोबत घेऊन. आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांत लग्नानंतर जागरण-गोंधळ होतो, तेव्हा नीट बघ. खंडोबाच्या दिवटीबरोबर बुधली असतेच. दिवटी पेटती ठेवायची तर बुधलीतलं तेल अधूनमधून घालावंच लागतं. गोंधळ्याच्या पोतालाही तेल पाजावं लागतं. शिवजयंतीला गडावरून ज्योत घेऊन पळत येणाऱ्या मुलांच्या मागे टेम्पो असतो, त्यातही इंधनाचा कॅन असतो. पडद्यावरच्या मावळ्याच्या कमरेला बुधली कधी दिसली आहे का? शंभर मशालींची फौज दाखवायची तर तासाला शंभर लिटर तेल लागणार. मागून बुधले लादलेले बैल चालताना दाखवायला हवेत.

भाची : स्कायरिममध्ये शेकडो वर्षं बंद असलेल्या थडग्यात आपण शिरतो आणि आत मशाली पेटलेल्या असतात!

मामा : तिथे तेलाच्याही आधी हवा संपेल. दहा बाय तेरा फुटांची खोली पूर्ण बंद करून त्यात एवढी मोठी मशाल ठेवली, तर तासाभरात प्राणवायू इतका कमी होतो की ज्योत स्वतःच विझायला लागते. आत माणूस असेल तर त्याचे हाल त्याआधीच सुरू होतील. शिवाय काजळी असतेच. पिवळ्या ज्योतीचा उजेड हा तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा उजेड असतो, म्हणून धूर न करणारी, तरीही पिवळीधमक मशाल मिळणं कठीण. भुयारातून पाच मिनिटं चाललं तरी डोळ्यांतून पाणी यावं आणि छत काळं व्हावं.

भाची : पण उजेड तरी भरपूर पडत असेल?

मामा : पडतो, पण जवळपासच. अशा मशालीला ढोबळमानाने शंभर मेणबत्त्यांचा उजेड धरू. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा राहतो. वीस मीटरवर तो पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरतो. त्यातही मशाल डोळ्यांसमोर धरली तर धरणाराच दिपतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, तो सराव एका नजरेत मोडतो. म्हणून मशाल डोक्याच्या वर, थोडी मागे धरायची. सिनेमातला नायक मात्र ती नाकासमोर धरून गुहेत शिरतो, कारण कॅमेऱ्याला त्याचा चेहरा हवा असतो.

भाची : म्हणजे रात्रीच्या छाप्याला मशाली घेऊन जाणं...

मामा : शत्रूला आमंत्रण देणं. मशालीने आपल्याला फारसं दिसत नाही, पण आपण मैलभरावरून दिसतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले. ती वद्य नवमी मानली जाते, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार. या मोहिमेत आग येते ती शेवटी, गड घेतल्यावर राजगडाला खूण म्हणून. १६६३ मध्ये शायिस्ताखानावर छापा घातल्यावर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यामागचं डोकं अगदी बरोबर आहे. मशालीचा उपयोग दिसण्यासाठी, पाठलागावरच्या फौजेला भलतीकडे वळवण्यासाठी. इ. स. पूर्व २१७ मध्ये इटलीत हॅनिबलनेही दोन हजार बैलांच्या शिंगांना मोळ्या बांधून असंच केल्याचं रोमन इतिहासात येतं.

भाची : आणि मशाल फेकली की तेलाचं तळं भडकतं, ते?

मामा : कुठलं तेल, यावर आहे. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते. रॉकेल चाळीसेक अंशांना वाफ धरायला लागतं. तिळाचं किंवा करंजाचं तेल दोनशे अंशांच्याही पुढे तापावं लागतं. त्याच्या हौदात मशाल टाकली तर बहुधा मशालच बुडून विझेल. ऐतिहासिक सिनेमात घडे फोडून ओततात ते खाद्यतेलासारखंच काहीतरी असणार, पण भडका पेट्रोलचा दाखवतात.

भाची : मग चित्रीकरणात काय जाळतात?

मामा : मोठ्या सेटवर पुष्कळदा गॅस असतो, दांड्यात किंवा भिंतीमागे नळी दडवलेली. किल्ला प्लायवूड आणि प्लास्टरचा, त्यामुळे ठिबकणारं तेल तिथे नको असतं. उजेडाचं खरं काम चौकटीबाहेरचे नारिंगी दिवे करतात. रंगमंचावर तर बऱ्याचदा आगच नसते. झिरझिरीत रेशमी कापड, खाली छोटा पंखा आणि त्यावर सोडलेला प्रकाश. लांबून छान फसवतं. तरी नकली मशाल हातावरून ओळखू येते. नट ती सरळ उभी धरतो. खरी धरणारा ती थोडी पुढे कलती ठेवतो, कारण उभ्या दांड्यावरून पेटतं तेल थेट मनगटावर उतरतं.