गणवेशातील ख्रिस्ती माणूस आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी



आपल्या धर्मग्रामातील अनेक जण सरकारी नोकरीत आहेत. कोणी पोलीस खात्यात, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत, तर कोणी इस्पितळात परिचारिका म्हणून सेवा करीत आहेत. काही घरांतील मुले सैन्यात जाण्याची तयारी करीत आहेत. यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो. खंडेनवमीला पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा होते, ऑफिसात सत्यनारायण असतो, आरतीला सगळे उभे राहतात. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत लपवावा का? वरिष्ठांनी हुकूम दिला आणि तो श्रद्धेच्या आड आला तर कोणाचे ऐकावे?

सर्वोच्च न्यायालयातील एका प्रकरणामुळे हे प्रश्न आता अधिक टोकदार झाले आहेत. म्हणून त्यांचा थोडा शांतपणे अभ्यास करू या.

प्रकरण काय होते?

एक ख्रिस्ती तरुण २०१७ साली भारतीय सैन्यात लेफ्टनंट झाला. तो कॅथॉलिक नव्हे, प्रॉटेस्टंट पंथाचा. त्याच्या हाताखालचे जवान शीख होते. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होता आणि ठरावीक दिवशी जवानांना घेऊन तेथे धार्मिक संचलनास जाण्याचा प्रघात होता. हा अधिकारी जवानांसोबत जात असे, जोडे काढत असे, अंगणात आदराने उभा राहत असे. मात्र पूजाविधी चालू असताना गर्भगृहात जाण्यापासून मला सूट द्यावी, माझ्या एकेश्वरी श्रद्धेत ते बसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. वरिष्ठांनी समजावले, इतर ख्रिस्ती अधिकाऱ्यांनी समजावले, एका पाळकांनीही आत जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले. तो बधला नाही. मार्च २०२१ मध्ये त्याला पेन्शन व ग्रॅच्युइटीशिवाय बडतर्फ करण्यात आले.

३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही बडतर्फी कायम ठेवली. प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नसून वरिष्ठांचा कायदेशीर हुकूम मोडण्याचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. जवानांच्या भावनांचा आदर न राखणारा अधिकारी सैन्यासारख्या संस्थेत बसत नाही, असे मत त्या वेळी व्यक्त झाले.

काही ख्रिस्ती लोक म्हणतात, हा आपल्यावर अन्याय आहे. काही म्हणतात, त्या मुलाने उगाच हट्ट केला. दोन्ही उत्तरे चटकन देता येतात. पण आधी पवित्र शास्त्राकडे वळू या.

जुन्या करारातील दोन प्रसंग

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान नावाचा अरामी सेनापती भेटतो. त्याचे कोड अलीशा संदेष्ट्याच्या शब्दाने बरे होते आणि यापुढे इस्राएलच्या देवाखेरीज कोणालाही यज्ञ अर्पण करणार नाही, असा तो निश्चय करतो. पण निघताना त्याला आपली नोकरी आठवते. त्याचा राजा रिम्मोनच्या मंदिरात जातो, नामानाच्या हातावर टेकतो आणि वाकतो. राजा वाकला की नामानालाही वाकावे लागते. याची मला क्षमा होईल ना, असे तो विचारतो. अलीशा त्याला रागावत नाही, नोकरी सोड असेही सांगत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो.

दानिएलच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र वेगळे घडते. शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तिघेही राजाचे अधिकारीच होते. राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीला नमन करण्याचा हुकूम आला. तिघांनी नकार दिला आणि धगधगती भट्टी पत्करली.

मग नामान भित्रा आणि हे तिघे शूर असे म्हणावे काय? नाही. दोन्ही प्रसंगांतील मागणी वेगळी आहे. नामान आपल्या धन्याच्या सेवेसाठी तेथे हजर होता. त्याची उपासना कोणाला वाहिलेली आहे हे त्याने आधीच स्पष्ट केले होते. त्या तिघांकडे मात्र हजेरी नव्हे, उपासनाच मागितली गेली होती. उपस्थित राहणे वेगळे आणि उपासना करणे वेगळे. आजच्या धड्याचा गाभा या एका फरकात आहे.

पहिल्या शतकांतील सैनिक

नव्या करारात सैनिकांविषयी तिरस्कार नाही. लूकच्या शुभवर्तमानात (३:१४) सैनिक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, असे सांगतो. तलवार टाका, असे सांगत नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या श्रद्धेचे प्रभू येशूने कौतुक केले. प्रत्येक मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण जी प्रार्थना म्हणतो, ती त्या सैनिकाच्याच शब्दांवरून आलेली आहे.

तरीही रोमी सैन्यात ख्रिस्ती माणसाची कोंडी होई, कारण तेथे सम्राटाच्या नावाने यज्ञ होत. इ. स. २९८ मध्ये आजच्या मोरोक्कोतील टांजियर येथे शताधिपती मार्सेलस याने सम्राटाच्या वाढदिवसाच्या उत्सवात आपला लष्करी पट्टा काढून टाकला आणि मरण स्वीकारले. त्याआधी तीन वर्षे, २९५ साली, आजच्या अल्जेरियातील तेबेसा येथे एकवीस वर्षांच्या मॅक्सिमिलियनने सैन्यात भरती होण्यासच नकार दिला. न्यायाधीशाने त्याला दाखवून दिले की, खुद्द सम्राटांच्या रक्षक दलात ख्रिस्ती सैनिक सेवा करीत आहेत. त्यावर मॅक्सिमिलियनने त्या सैनिकांना दोष दिला नाही. त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी मात्र हे करू शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

हे उत्तर आपण सर्वांनी मनात ठेवण्यासारखे आहे. त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीसाठी प्राण दिला, पण दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर न्याय केला नाही. चर्चने त्याला संत मानले आणि त्याच वेळी सैन्यात राहिलेल्या बांधवांनाही बाहेर टाकले नाही.

चर्चची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा : कोणावरही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती होऊ नये आणि योग्य मर्यादेत तिला अनुसरून वागण्यापासून त्याला रोखले जाऊ नये. हे स्वातंत्र्य सरकार दान म्हणून देत नाही. ते माणसाच्या प्रतिष्ठेतच आहे. मात्र योग्य मर्यादेत, हे शब्दही परिषदेचेच आहेत. इतरांचे हक्क आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांचा मान राखावाच लागतो. त्याच परिषदेने देशाचे रक्षण करणाऱ्या सैनिकांना शांततेचे सेवक मानले आणि शस्त्र धरण्यास मनापासून नकार देणाऱ्यांसाठीही कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे सुचविले.

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल ते नव्हे. संत थॉमस अक्विनास दोन गोष्टी शिकवतात. पहिली : एखादी कृती वाईट आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने ती केली तर तो पाप करतो, मग त्याची समजूत चुकीची का असेना. दुसरी : ती समजूत आळसामुळे किंवा हट्टामुळे चुकली असेल, तर त्या चुकीला तो स्वतः जबाबदार असतो. म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचे ऐकलेच पाहिजे, पण त्याआधी तिला शिकवले पाहिजे. पवित्र शास्त्र, चर्चची शिकवण, प्रार्थना आणि जाणत्या माणसांचा सल्ला ही तिची शाळा आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना चर्चचे आचार्य म्हणून घोषित केले, ते संत जॉन हेन्री न्यूमन हीच तक्रार करीत : लोक सदसद्विवेकबुद्धीचे हक्क मागतात, तिची कर्तव्ये मात्र विसरतात.

आता त्या लेफ्टनंटकडे परत पाहू. कॅथॉलिक शिकवणीनुसार दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात आदराने जाणे हे पाप नाही. पोप जॉन पॉल दुसरे ६ मे २००१ रोजी दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. पोप लिओ यांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये पादत्राणे काढून इस्तंबूलच्या निळ्या मशिदीला भेट दिली. आपल्या जवानांसोबत आत जाऊन हात जोडून स्तब्ध उभे राहणे, हे कॅथॉलिक अधिकाऱ्याला करता येईल. परंतु पूजा करणे, नैवेद्य अर्पण करणे, म्हणजेच स्वतः उपासक होणे, हे त्याला करता येणार नाही आणि तसा हुकूम झाला तर त्याने नम्रपणे नकार द्यावा. त्या तरुणाने ही रेषा दाराच्या बाहेर आखली. आपण ती आत, वेदीपाशी आखू. तरी त्याला गर्विष्ठ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. न्यायालयाचा निकाल आपण मानतो. पण अंगणापर्यंत आदराने जाणाऱ्या माणसासाठी सैन्यात दुसरी जागा शोधता आली नसती का, हा प्रश्न मनात राहतोच.

राज्यघटना काय म्हणते?

घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून हा हक्क वापरायचा असतो. ३३व्या अनुच्छेदानुसार सैन्य व पोलीस यांसारख्या दलांतील लोकांचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते.

म्हणूनच शाळेतला न्याय आणि छावणीतला न्याय नेहमी सारखा दिसत नाही. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. याउलट डिसेंबर २०१६ मध्ये दाढी ठेवू इच्छिणाऱ्या मुस्लिम वायुसैनिकाची याचिका त्याच न्यायालयाने फेटाळली. गणवेश चढवणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. आई-वडिलांनीही मुलांना भरतीच्या अर्जाबरोबर हे समजावून द्यावे.

रोजच्या जीवनात

क्रूस : तो लाजण्याची वस्तू नाही. १५ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एका ब्रिटिश विमान कंपनीतील महिलेला कामावर क्रूस दिसेल असा घालण्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालात एका परिचारिकेची मागणी मात्र नाकारली, कारण रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. आपल्या परिचारिका भगिनींनी शस्त्रक्रियेच्या वेळी साखळी काढली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

प्रसाद : करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) संत पौलाने नेमका असाच प्रश्न हाताळला आहे. मूर्तीपुढील उपासनेत भाग घेऊ नका, हे तो ठामपणे सांगतो. जेवणाच्या पंगतीत मात्र समोरच्याच्या आणि दुर्बल बांधवाच्या सदसद्विवेकबुद्धीचा विचार करा, असे सांगतो. ज्याला प्रसाद घेणे योग्य वाटत नाही, त्याने हात जोडून, हसतमुखाने नको म्हणावे. तोंड फिरवून निघून जाणे ही साक्ष नव्हे.

रविवारची मिस्सा : बंदोबस्त किंवा रात्रपाळी हे गंभीर कारण आहे, अशा वेळी मिस्सा चुकल्यास पाप लागत नाही. पण सुट्टी असूनही झोपून राहणाऱ्याने ड्युटीचे नाव पुढे करू नये.

पाप करण्याचा हुकूम : कोठडीतील माणसाला मारणे, खोटा पंचनामा लिहिणे, लाच वाटून घेणे, असा हुकूम आला तर तडजोड नाही. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने हिटलरच्या अन्याय्य युद्धात लढण्यास नकार दिला. पत्नी आणि लहान मुली मागे ठेवून त्याने ९ ऑगस्ट १९४३ रोजी मरण स्वीकारले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी चर्चने त्याला धन्यवादित घोषित केले. बंधूंनो, आरतीला उभे राहावे की नाही यावर आपण पुष्कळ बोलतो. लाचेच्या पाकिटाविषयी तितके बोलत नाही. गणवेशातील ख्रिस्ती माणसाची खरी साक्ष बहुधा तेथेच लागते.

आपल्या दारातही तोच नियम

जे स्वातंत्र्य आपण मागतो ते इतरांना देतो का? आपल्या शाळांत, इस्पितळांत अन्यधर्मीय मुले व कर्मचारी आहेत. घटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवता येत नाही. २०२४ साली भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना अन्यधर्मीय मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत असे सांगितले आहे. आपल्या प्रार्थनेच्या वेळी हात न जोडता शांत उभा राहणारा मुलगा आपला अपमान करीत नाही. तो तेच करीत असतो, जे आपल्या मुलाने ठाण्यात करावे असे आपल्याला वाटते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या कामाच्या ठिकाणी उपस्थिती कोठे संपते आणि उपासना कोठे सुरू होते?
२. माझा नकार श्रद्धेतून येतो की रागातून? मी याविषयी कोणाचा सल्ला घेतला आहे का?
३. माझ्याबरोबर काम करणाऱ्या अन्यधर्मीयांच्या श्रद्धेचा मी मान राखतो का?

या आठवड्यात कौटुंबिक रोझरीच्या वेळी सैन्यात, पोलीस दलात आणि सरकारी सेवेत असलेल्या आपल्या मुला-मुलींची नावे घेऊन प्रार्थना करू या. हुकूम पाळण्याची शिस्त, नाही म्हणण्याचे धैर्य आणि या दोहोंतील फरक ओळखण्याची बुद्धी पवित्र आत्मा त्यांना देवो.

आपला धर्मगुरू