स्थूलता, पथ्य आणि भूक आवरणारीं औषधें

स्थूल मनुष्य दिसला कीं 'हा खादाड असावा' असा तर्क करून लोक मोकळे होतात. शरीरशास्त्राचा निर्णय इतका सोपा नाहीं. भुकेचें नियमन मेंदूंतील हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग करीत असतो. मेदांतून निघणारें लेप्टिन व आंतड्यांतून निघणारें जीएलपी-१ हे अंतःस्राव 'पुरे' असा निरोप त्याजकडे पोंचवितात. पथ्यानें वजन उतरूं लागलें म्हणजे लेप्टिन घटतें, भूक वाढते आणि शरीर पूर्वींपेक्षां कमी शक्ति खर्च करूं लागतें. पुष्कळांचें पथ्य येथेंच मोडतें. म्हणून औषधानें भूकच आवरावी, हा विचार वैद्यकांत पुढें आला.

या मार्गाचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. १९३७ च्या सुमारास अमेरिकेंत अँफेटामिन या कामीं वापरूं लागले. त्यानें भूक मंदावे. पण निद्रानाश, हृदयाची धडधड आणि अखेर व्यसनहि पदरीं येई. १९६५ सालीं युरोपांत निघालेल्या अमिनोरेक्समुळें फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढून कित्येक रोगी दगावले. हृदयाच्या झडपा बिघडतात असें आढळल्यावरून फेनफ्लुरामिन १९९७ सालीं अमेरिकेंत मागें घेण्यांत आलें. सिब्युट्रामिननें हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो असें ठरून तें २०१० सालीं युरोप-अमेरिकेंतून गेलें. २०११ सालीं भारतानेंहि त्यावर बंदी घातली.

आजचें सेमाग्लुटाइड जीएलपी-१ प्रमाणें कार्य करितें व आठवड्यांतून एकदां टोंचून घेतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १९६१ माणसें होतीं. आहार व व्यायाम यांचें मार्गदर्शन सर्वांस होतें. ६८ आठवड्यांनीं औषध घेणारांचें वजन सरासरी सुमारें १५ टक्के उतरलें. औषधाविना नुसतीच सुई टोंचलेल्यांचें अवघें २.४ टक्के. परंतु औषध व मार्गदर्शन थांबतांच वर्षभरांत गमावलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश परत आलें. मळमळ व वांति हे त्रास नेहमींचे. क्वचित् पित्ताशयांत खडे होतात, स्वादुपिंडास सूज येते.

२०२५ सालापासून हें औषध स्थूलतेकरितां भारतांतहि मिळूं लागलें आहे. म्हणून त्याची मर्यादा जाणणें अगत्याचें आहे. तें भूक आवरतें, पण ताटांत काय वाढावें हें ठरवीत नाहीं. घांस थोडे झाले म्हणजे डाळ, दूध, अंडीं, पालेभाज्या यांस अधिकच महत्त्व येतें; नाहींतर मेदाबरोबर स्नायूहि झिजतात. पथ्य हा मुख्य उपाय, औषध हें त्याचें साहाय्य. आणि तेंहि रोग्यास, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. केवळ रूपाच्या हौसेनें तें घेणें अनुचित होय.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील एखाद्या स्थूल सोबत्यास नांवें ठेवण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवा, कीं त्याच्या देहांत चाललेला झगडा आपणांस दिसत नाहीं. थट्टेनें कोणाचें वजन उतरत नाहीं. खेळावयास बोलाविल्यानें मात्र त्यास खरें साह्य होईल.