संगणकाचा ताणा

व्यापारी बंधूंनो, पुण्यात सी-डॅकने १९९१ साली अनेक प्रोसेसर एकत्र जोडून 'परम ८०००' बनवला. आता तसे काम एका ग्राफिक्स कार्डावर होते, आणि पिंपळे सौदागरकडची आपली मुले ते शिकू पाहतात. कापडवाल्याला यातली गोम लवकर कळेल. एनव्हीडियाच्या कार्डात हजारो 'थ्रेड', म्हणजे धागे, एकदम चालतात. त्यांच्या ३२ च्या गटाला 'वॉर्प' म्हणतात, म्हणजे आपला ताणाच! शब्द मागावरूनच उचललेला आहे.

ताण्यातले सगळे धागे एकच हुकूम पाळतात. साडीच्या नक्षीतला प्रत्येक ठिपका उजळायचा असेल तर काम झपाट्याने होते. पण 'लाल ठिपक्याला हे, बाकीच्यांना ते' असा हुकूम दिला, की आधी लालवाले राबतात आणि बाकीचे नुसते उभे राहतात, मग उलट. मजुरी दोघांची, काम एकाचे! नवशिका इथेच फसतो. शिवाय माल मुख्य मेमरीतून कार्डाकडे न्यायचा व परत आणायचा, हे भाडे वेगळे. दहा ठिपक्यांसाठी कोणी ट्रक जोडत नाही.

२००७ साली आलेली 'कुडा' ही पद्धत सी भाषेवर बेतलेली आहे, म्हणून आधी सी पक्की हवी. कुडाची साधने फुकट मिळतात आणि शिकण्यापुरते एनव्हीडियाचे साधे कार्डही चालते. तेव्हा क्लासची भरमसाट फी मोजण्यापूर्वी मास्तरांना एवढेच विचारा: ताणा फुटतो कधी, हे मुलांकडून करवून घेता का?