परतीच्या डिझेलचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या किंवा समृद्धी महामार्गाने मुंबई गाठणाऱ्या दोन टाक्यांच्या ट्रकमध्ये टाकी बदलणारा व्हॉल्व्ह दगा देऊ लागला की मालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘नवा टाका.’ माझे मत वेगळे आहे. व्हॉल्व्ह बदलण्याआधी तो कशाने बिघडला हे शोधावे, आणि बदलताना इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलइतकेच लक्ष परत येणाऱ्या डिझेलकडे द्यावे. इंजिन जाळते त्याहून कितीतरी जास्त डिझेल पंप ओढतो. उरलेले पंप व इंजेक्टर थंड ठेवून, गरम होऊन टाकीत परतते. म्हणून अशा व्हॉल्व्हला सहा तोंडे असतात, तीन जाण्याची आणि तीन परतीची. जाण्याची बाजू डावीकडे फिरली आणि परतीची उजवीकडेच अडकली, तर डावी टाकी भराभर रिकामी होते व उजवी भरून झाकणातून सांडू लागते. काही गाड्यांत डिझेलच्या काट्याची तारही याच व्हॉल्व्हमधून जाते, तेव्हा काटाही खोटे बोलतो. मग हिशेब जुळत नाही आणि डिझेलचोरीचा आळ ड्रायव्हरवर येतो. ड्रायव्हरचा पगार कापण्याआधी इंजिन चालू ठेवून, ज्या टाकीवर गाडी चालते आहे तिच्यातच परतीचे डिझेल पडते का, एवढे पाहायला काय हरकत आहे?

बिघाड बऱ्याचदा व्हॉल्व्हमध्ये नसतोच. व्हॉल्व्ह चॅसिसला चिखलाच्या वाटेत बसवलेला असतो, त्यामुळे कनेक्टरच्या पिना गंजतात. टाकी बदलण्याचे बटण दाबताना तिथे पूर्ण व्होल्टेज मिळत असेल, अर्थिंग ठीक असेल आणि तरीही आतली मोटर हलत नसेल, तरच व्हॉल्व्हला दोष द्यावा. मोठ्या ट्रकची वीज सहसा २४ व्होल्टची असते. दुकानातून १२ व्होल्टचा भाग आणला तर दोष नव्या व्हॉल्व्हचा नाही. खरा शत्रू मात्र पाणी. दुसरी टाकी आठवडेच्या आठवडे अर्धी पडून राहते, पावसाळी हवेतला ओलावा आत थेंब होऊन तळाशी बसतो, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुळबुळीत साका वाढतो. तो साका सरकून व्हॉल्व्हची फिरकी जाम करतो. तळाचा बोल्ट काढून टाकी निथळली नाही, फिल्टर बदलला नाही, तर नवा व्हॉल्व्हही त्याच गतीला जाणार.

यावर गॅरेजमध्ये उत्तर तयार असते: व्हॉल्व्हच काढा, दोन्ही टाक्या खालून पाइपने जोडा. हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. भाग जितके कमी तितका बिघाड कमी. पण त्यासाठी टाक्या एका पातळीवर हव्यात, पाइप रुंद हवा, दोन्ही टोकांना कॉक हवेत. पाइप चॅसिसखाली लोंबत असेल तर शेतरस्त्यावरचा एक दगड दोन्ही टाक्या रिकाम्या करतो, आणि एकीतली घाण दुसरीत जाते ती वेगळीच. कंपनीची रचना बदलताना आरटीओ आणि विमा यांचाही विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त धोकादायक आहे: ‘डिझेल काही पेट्रोल नाही, पेटत नाही.’ भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान ३५ अंश सेल्सिअस असला की चालते. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो; उन्हात तापलेल्या टाकीतले डिझेल त्याहून गरम. म्हणजे भर दुपारी निघणारी वाफ ठिणगीची वाट पाहत असते. काम सकाळी, सावलीत, बॅटरीची तार काढून करावे. ग्राइंडर, वेल्डिंग आणि बिडी लांब. रिकामी टाकी तर भरलेल्या टाकीहून वाईट, कारण तिच्यात वाफच उरते.

जुने पाइप काढण्याआधी प्रत्येकाला रंगाची खूण करावी, कारण परतीचे दोन एकमेकांत बदलले तर बिघाड जसाच्या तसा राहील. बसवून झाल्यावर हवा हँड प्रायमरने काढावी, स्टार्टर रगडू नये. बीएस-६ गाडीत उच्च दाबाच्या पाइपांना हातही लावू नये. मग दोन्ही टाक्यांवर आळीपाळीने इंजिन चालवून परतीची धार पाहावी, आणि त्यानंतरच मिस्त्रीचे पैसे द्यावेत.