अर्ध्या सेकंदाचे कोडे

गावच्या विहिरीचा कठडा ढासळलेला दिसला, तर जो प्रथम पाहील त्याने ते गावाला सांगितले पाहिजे. 'विहीर माझी एकट्याची थोडीच आहे?' असे म्हणून जो तो पुढे गेला, तर एखाद्याच्या जिवावर बेतावयाचे! संगणकाच्या जगातही अशी सर्वांच्या मालकीची एक वस्तू आहे. तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येतो. अर्थात तीत दोष आढळल्यास तो कळवण्याचे कर्तव्यही सर्वांचेच असते.

हे कर्तव्य चोख बजावल्याने केवढे संकट टळते, हे २०२४ साली जगाने पाहिले. आंद्रेस फ्रॉइंड हे मुक्तस्रोत आज्ञावली रचणारे एक अभियंते. संगणकाकडे प्रवेश मागितला असता उत्तर मिळण्यास एरवी सुमारे ०.३ सेकंद लागत. ते आता ०.८ सेकंद लागू लागले, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद तो काय! परंतु त्यांनी त्याकडे काणाडोळा केला नाही. शोध घेता घेता ते 'एक्सझेड' नावाच्या आज्ञावलीपर्यंत पोहोचले. फायलींचा आकार लहान करणे हे तिचे काम. तिच्या ५.६.० व ५.६.१ या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवली होती! त्या वाटेने परक्याला असंख्य संगणकांत शिरकाव करता आला असता.

फ्रॉइंड यांनी ही गोष्ट प्रथम सुरक्षेची जबाबदारी असलेल्या मंडळींना खाजगी रीतीने कळवली. चोरवाटेचा डांगोरा आधीच पिटला, तर चोरांचेच फावते. नंतर २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्वांसाठी निवेदन प्रसिद्ध केले. कोणत्या आवृत्त्या सदोष आहेत, काय दिसले, किती वेळ लागला आणि कोणत्या परिस्थितीत हा प्रकार घडतो, हे सारे त्यात होते. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही व काही भाग अजून उलगडलेला नाही, हेही त्यांनी निःसंकोचपणे लिहिले. त्यामुळे इतरांना पुढील तपास करणे सोपे झाले, आणि सदोष आवृत्त्या तातडीने मागे घेण्यात आल्या.

सर्वच दोष इतके भयंकर नसतात. कोठे एखादे जोडाक्षर तुटून उमटते, कोठे कळ दाबूनही काम होत नाही. पण 'आज्ञावली बिघडली आहे' एवढेच कळवणे म्हणजे वैद्याला 'बरे नाही' एवढेच सांगण्यासारखे आहे. आवृत्ती कोणती, आपण क्रमाने काय केले, काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे स्पष्ट लिहावे. तोच दोष पूर्वी कोणी कळवला आहे काय, हेही पाहावे. भाषा सौम्य असावी. कारण अशा आज्ञावल्या रचणारे कित्येक जण फावल्या वेळात, मोबदल्याविना झटत असतात.

डोळस निरीक्षण आणि सत्य कथन हीदेखील समाजसेवाच होय.

शब्दार्थ : आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. काणाडोळा करणे – दुर्लक्ष करणे. डांगोरा पिटणे – सर्वत्र जाहीर करणे.

स्वाध्याय :
१. फ्रॉइंड यांनी चोरवाटेची गोष्ट प्रथम खाजगी रीतीने का कळवली?
२. आपणांस ठाऊक नसलेली गोष्ट 'ठाऊक नाही' असे लिहिल्याने कोणता लाभ होतो?
३. शाळेतील एखाद्या बिघडलेल्या वस्तूविषयी मुख्याध्यापकांना पाच वाक्यांत निवेदन लिहा.