कुशीतली कळ आणि मुतखडा

कमरेच्या वर, कुशीत एका बाजूला अचानक कळ आली की आपल्याकडे निदान घरीच होते : मुतखडा! मग पानफुटीची पाने, कुळथाचे कढण आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. बहुतेक वेळा अंदाज बरोबरही ठरतो. पण गेल्या वर्षी अडत दुकानावर पोती उचलणारे एक 47 वर्षांचे गृहस्थ पहाटे माझ्याकडे आले, तेव्हा मीही मुतखडाच धरून चाललो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशीही दुखणे हटेना. मुतखड्याची कळ लाटेसारखी येते-जाते, रोगी तळमळतो. यांचे दुखणे मात्र एकसारखे ठणकत होते. सोनोग्राफीत खडा नाही, लघवी स्वच्छ. रक्तदाब मात्र 190/110! पूर्वी तो कधीच वाढलेला नव्हता. तेव्हा मला शंका आली आणि त्यांना शहरात पाठविले. तिथे शिरेतून औषध देऊन सी. टी. स्कॅन केला. उजव्या मूत्रपिंडाच्या रोहिणीचा आतला थर फाटला होता व मूत्रपिंडाचा एक तुकडा रक्ताविना मेला होता. (साध्या सी. टी. स्कॅनमध्ये खडा दिसतो, हे सहसा दिसत नाही.)

हे होते कसे? रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. कोटाच्या बाहीचे अस्तर उसवले की हात बाहीत न जाता अस्तरात शिरतो ना, तसेच रक्त आतल्या फाटीतून थरांमध्ये शिरते आणि खरी वाट चिंबते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की त्याला वाटते, शरीराचाच दाब उतरला. मग ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि रक्तदाब भडकतो.

हा आजार विरळा. तो चाळिशी ते साठीतल्या पुरुषांत अधिक आढळतो. काहींच्या रोहिणीची भिंत मुळातच सदोष असते, काहींच्या सांध्या-त्वचेला बळ देणाऱ्या ऊतींतच जन्मजात दोष असतो. जुना रक्तदाब, रोहिणीत साठलेली चरबी, जबर श्रम हीही निमित्ते होतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आमच्या रोग्याने आदल्या दिवशी पोती चढविली होती. पण दोष पोत्यांनाच द्यावा, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

'मूत्रपिंड काढावे लागणार का?' हा त्यांच्या पत्नीचा पहिला प्रश्न होता. तशी वेळ क्वचितच येते. बहुतेकांना औषधेच पुरतात : दाब आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या, शिवाय गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे औषध. ते मनाने सुरू किंवा बंद करू नये, रक्तस्रावाचा धोका असतो. वाट फारच अरुंद झाली, दाब हटेना किंवा मूत्रपिंडाचे काम बिघडू लागले, तर आत धातूची जाळी बसवितात, क्वचित शस्त्रक्रिया करतात. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते. फाट बरेचदा आपोआप सांधते, कधी वाढतेही.

डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रोग्याने टाळाव्यात. दोन दिवस मुतखड्याच्या नावाखाली त्या मीच दिल्या होत्या, ही रुखरुख आहे.

परवा ते आले होते. दाब 134/84. 'डॉक्टर, पोती उचलू का?' म्हणाले. मी म्हटले, 'हिशेबाची वही उचला.'