सेल्फ मारण्याआधी

जुनी फियाट हाती आली की बहुतेकजण एकच करतात. नवी बॅटरी आणतात, कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. इंजिन ठसके देत सुरू झालं की सगळी आळी गोळा होते, व्हिडिओ निघतात, कुणीतरी पेढे आणायला धावतं आणि पाचव्या मिनिटाला मालक गाडी रस्त्यावर काढतो. पुढचा सगळा मनस्ताप इथून सुरू होतो. वाईत माझ्याकडे १९७९ची प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्याकडे येण्याआधी ती एका वाड्याच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी होती. तिच्या नादाने माझ्याकडे लोक सल्ला विचारायला येऊ लागले. त्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगतो, की इंजिन सुरू करणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे.

ही गाडी मुळात दणकट. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट निघायला लागली, तिचंच १९७४पासून पद्मिनी असं बारसं झालं. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, हाताने उघडता येईल असं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या इंजिनाला दोन-दोन पाळ्यांत राबवलं. ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. म्हणजे ती उतरली नियमामुळे. रोज राबणाऱ्या गाडीला झीज होते, पण ती कळते आणि भरून काढता येते. उभी गाडी आतून सडते. रबर कडक होतं, पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेक ऑइलात पाणी उतरतं, आणि यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. रंग मात्र चकाकत असतो.

तेव्हा आधी ब्रेक. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलाची एकच लाइन असते. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक फुटली तर दुसरी थोडाफार ब्रेक लावते. इथे एका चाकाचं रबर गळालं की पेडल थेट तळाला. हँडब्रेक उरतो, तोही लागला तर.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत हे पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि लोखंडाला खड्डे पाडतं. अशा सिलिंडरमध्ये मिस्त्री नवं रबर घालून देतो, आठवडाभर सगळं छान चालतं आणि मग त्या खड्ड्यांवर घासून रबराची कड फाटते. सिलिंडर उघडल्यावर आत बोट फिरवून बघा. नखाला खड्डा लागला तर तो सिलिंडर बदलायचा किंवा स्लीव्ह टाकून घ्यायची. नुसतं पॉलिश मारून भागत नाही. आणखी एक सावधगिरी: जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं. ती कंप्रेसरने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

माझ्या गाडीचं ब्रेकचं काम एका गॅरेजमध्ये नीट, सगळं उघडून झालं होतं. किट नवं, लायनर नवे. थोड्याच दिवसांत सुरूर फाट्याकडे जाताना गाडी जड वाटायला लागली. न्यूट्रल करून सोडली तर उतारावरही घरंगळेना. खाली उतरून बघतो तर चारही ड्रम तापून हात लावू देईनात, लायनर जळल्याचा वास. शेजारून जाणारा ट्रकवाला म्हणाला, ‘‘काका, हँडब्रेक राहिलाय वाटतं.’’ हँडब्रेक पूर्ण मोकळा होता.

अशा वेळी कुठे काय अडलंय हे रस्त्याच्या कडेला एका पान्याने कळू शकतं. मी एका चाकाचा एअर काढायचा निपल अर्धा आटा सैल केला. ऑइलाची चिळकांडी उडाली आणि चारही चाकं सुटली. म्हणजे लाइनीत दाब अडकून बसला होता. चारही चाकं एकदम जाम असतील तर संशय मास्टर सिलिंडरवर घ्यायचा. त्यात एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडल्यावर त्यातून ऑइल टाकीत परत जातं. ते भोक झाकलं गेलं की गरम होऊन फुगलेल्या ऑइलाला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. माझ्या गाडीत ते फुगलेल्या रबराने झाकलं होतं. रबर का फुगलं? मिस्त्रीने सवयीप्रमाणे ब्रेकचे सगळे भाग पेट्रोलने धुतले होते. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की ते फुगतं. ते भाग फक्त ब्रेक ऑइलाने किंवा स्पिरिटने धुवायचे. एकदा असं झालं की नुसतं मास्टर सिलिंडरचं रबर बदलून चालत नाही. लाइनीतलं सगळं रबर, होजसकट, बदलावं लागतं, कारण तेच ऑइल सगळीकडे फिरलेलं असतं. पेडलच्या दांडीला किंचित मोकळी चाल ठेवली नसेल तरी ते भोक असंच झाकलेलं राहतं. म्हणून किट बदलण्याआधी ती चाल तपासा, कधीकधी पैसे वाचतात.

एकच पुढचं चाक जाम होत असेल तर त्या चाकाची रबरी होज बघा. ती बाहेरून चांगली दिसते, पण आतून सुजून तिचं भोक केसाएवढं झालेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल जातं, परत मात्र येत नाही. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एक होज असते, म्हणून मागची जोडी एकदम अडली तर संशयित तीच. एअर काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. आणि ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

दुसरं पेट्रोल. जुनं पेट्रोल टाकीत राहिलं की त्याला वार्निशासारखा वास येतो आणि जेटच्या भोकांत ते चिकट होऊन बसतं. ते काढून टाका. टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. तळाला तांबूस चिखल असेल तर ती धुवा आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. टाकीला भोक असेल तर मात्र कुणालाही थेट वेल्डिंग करू देऊ नका. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. रेडिएटरवाले टाकी वाफेने धुऊन, पाण्याने भरून झाळकाम करतात, त्यांच्याकडेच द्या.

२०२५पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या भागातल्या उसाचं म्हणून त्याचं कौतुक असलं तरी १९७९च्या रबराला त्याची सवय नाही. जुन्या होज मऊ पडतात, चिरतात, आणि पंपाचा पडदा ताठरतो. पेट्रोलची होज हातात घेऊन वाकवा. चिरा दिसल्या तर इथेनॉल सोसणारी होज मागून घ्या, दुकानदार विटॉन म्हटलं की समजतात. ही होज जिथून जाते तिथून सायलेन्सर फारसा लांब नसतो, म्हणून या कामात काटकसर नको आणि गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर हवाच. इथेनॉल पाणीही शोषतं आणि टाकीतली जुनी घाण सुटी करतं, त्यामुळे पहिले काही महिने फिल्टर वरचेवर बदलावा लागतो.

आता इंजिन. तेही लगेच सेल्फने नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकला, इंजिन मोकळं फिरतंय ना बघा. अडत असेल तर जोर लावू नका, अडकलेल्या रिंगा मोडतात. मोकळं असेल तर इंजिनचं ऑइल बदलून, प्लग न बसवता सेल्फ मारा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. मग प्लग. तेवढ्या वेळात आळी कंटाळून घरी गेलेली असते, हे बरंच.

पाण्याबद्दल थोडक्यात. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. एकदा नीट उकळलं की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. म्हणून रेडिएटर रॉडिंग करून घ्या आणि नुसत्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घाला. गाडी तापलीच तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या. झाकण उघडून गार पाणी ओतणारे मी हायवेवर बघितलेत, हातही भाजतो आणि हेडही जातं. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहते’ हा गॅरेजचा आवडता सल्ला मला पटत नाही. गाडी तापते ती बहुधा रेडिएटर गाळाने बुजल्यामुळे. थर्मोस्टॅट काढला की थंडीत इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि तेही त्याला मानवत नाही.

घाटात बंद पडणाऱ्या जुन्या गाडीविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं. पसरणी घाटात पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत माझी पद्मिनी बंद पडायची. थांबलेला प्रत्येक जाणकार एकच म्हणायचा, एअर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला चिकटून असतो, तापलं की पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओलं फडकं टाका. मीही टाकायचो. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची, फडक्याला श्रेय मिळायचं. फडकं न टाकताही ती तेवढ्याच वेळात सुरू होते हे लक्षात आलं तेव्हा मी दुसऱ्या बाजूने बघायला लागलो.

गाडी बंद पडल्या क्षणी, ती गार होण्याआधी, दोन गोष्टी तपासायच्या. कार्बोरेटरची होज काढून ती बाटलीत धरायची, इग्निशनची तार सोडून ठेवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. पेट्रोल जोरात येत असेल तर एअर लॉक नाही. मग बाटली आणि सांडलेलं पेट्रोल लांब नेऊन, होज घट्ट बसवून, इग्निशनची तार परत जोडून करंट बघायचा. प्लग काढून वायरीला लावा, त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, चटकन तुटणारी ठिणगी हवी. माझ्या गाडीत पिवळट, मरतुकडी ठिणगी येत होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढल्यावर पॉइंटच्या एका बाजूला उंचवटा आणि समोरच्या बाजूला खड्डा दिसला, म्हणजे कंडेन्सर गेलेला. तो गार असताना चालतो, तापला की दम सोडतो, म्हणून दुखणं हुबेहूब एअर लॉकसारखं दिसतं. बोटाच्या पेराएवढा भाग, पण हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर बेभरवशाचे, डब्यातून काढलेला कोराही फसवतो. चालता सापडला की तो काढून जपून ठेवावा, हा माझा नियम. कॉइलही तापून अशीच फसवते, तिला बोट लावून बघा.

वायरिंग, डायनॅमो, दिवे यांत फारसं गूढ नाही. अर्थ नीट घासून घट्ट करा आणि बॅटरीला कटआउट स्विच लावा. रात्री तो बंद केला की उंदराने कुरतडलेली वायर पेट घेत नाही. टायरवर आठवडा आणि साल यांचे चार आकडे असतात. शेवटचे दोन साल सांगतात. नक्षी कितीही कोरी असली तरी बाजूला चिरा असतील तर तो टायर फेकायचा.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार इथे फिरावं लागतं. आपला जुना भाग आणि कॅलिपर सोबत ठेवा. ‘हाच बसतो’ असं दुकानदार म्हणाला तरी माप घ्या, कारण फियाटच्या नावाखाली निरनिराळ्या सालांचे भाग एकाच डब्यात विकले जातात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर सगळं एका दिवशी बदललं आणि गाडी नीट चालली तरी कशाने ते कळत नाही. बिघडली तर मग विचारूच नका.

कागदांचंही सांगून टाकतो. ‘व्हिंटेज’ म्हणजे कर आणि फिटनेसमधून सुटका असं अनेकांना वाटतं. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी त्यात बसते. तिला व्हीए मालिकेचा नंबर आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते, फी वीस हजार. पण मग ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅली यांपुरतीच रस्त्यावर काढायची. ज्यांना रविवारी भाजी आणायला गाडी न्यायची आहे त्यांनी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. माझी अजून पन्नाशीला पोचलेली नाही, पोचली तरी मी हेच करणार आहे.

पावसाळ्यात मी ती उभी करतो तेव्हा हँडब्रेक लावत नाही, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. चाकांना दगड, टायरमध्ये हवा चार पाउंड जास्त, बॅटरी घरात. आणि उघडीप मिळाली की मेणवलीपर्यंत जाऊन यायचं, इंजिन नुसतं दारात चालवून ठेवायचं नाही. दारात चालवलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि ब्रेक तर तसेच राहतात.